बाबांची 12 बोअर: गावच्या घरात परत आणावी की नको?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)
मार्चमध्ये बाबा गेले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात त्यांची 12 बोअरची दुनळी बंदूक होती, मी शाळेत असल्यापासून. परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे दिवसकार्य आटोपल्याबरोबर पोलिसांत जमा केली. पावती आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे, तेव्हा तो माझ्या नावावर करून बंदूक परत घरी आणावी असं डोक्यात आहे.

कारण आई. वय 72, एकटी. वाडीत 14 घरं, त्यातली 9 बंद. गणपतीला आणि शिमग्यालाच उघडतात. गेल्या पावसात तीन बंद घरं फोडली. समया, तांब्याची भांडी, एका ठिकाणचा तर पाण्याचा पंपसुद्धा नेला. पोलीस 22 किलोमीटरवर. 112 लावायचा तर आधी काजूखाली जाऊन रेंज शोधायची. मी ठाण्याला (शहर, पोलिसांचं नव्हे).
या घरात बंदूक आहे एवढं गावाला माहीत असलं तरी पुरे, असं माझं मत. बायको म्हणते वेड लागलंय. बोला.

देवगडचो
हाड (आण) परत. आमच्याकडे बापाशीच्या नावावर ठासणीची (नळयेत दारू ठासून उडवूची) बंदूक हा, शेती संरक्षणाची. केल्डी (माकडां) बागेत इली की एक बार काढूचो, चार दिस गप. चोराकय म्हायत आसता खंयच्या घरात बंदूक आसा ती.

निवृत्त काठी
पोलीस खात्यात 31 वर्षं काढली, म्हणून स्पष्ट बोलतो. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. तुमच्या नावावर झाला, तुम्ही ठाण्यात, बंदूक आईजवळ. रात्री दोनला दार वाजलं तर ती कोण चालवणार? आईंनी हात लावला तर परवाना नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार, आणि ते दिलं कोणी? तुम्ही.

त्यातून तुम्ही ठाण्याचे रहिवासी, म्हणजे अर्जही तिकडेच, पोलीस आयुक्तांकडे. चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलपाची सुरक्षित जागा, सगळं आलं. निवडणूक लागली की जमा करायचा आदेश येऊ शकतो, तो वेगळाच. आणि ठासणी आणि 12 बोअर एका मापाने मोजू नका. शेती संरक्षणाचा परवाना पिकासाठी असतो. रानडुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते.

कातळावरचा
कागद कशाला एवढे? पूर्वी बंदुका माळ्यावर असायच्या, कोण बघायला येत होतं?

निवृत्त काठी
@कातळावरचा, 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी दोन वर्षं शिक्षा आहे, जास्तीत जास्त पाच. माळ्यावरून खाली काढा.

लाल माती
काठीसाहेब, एक बाजू सांगितलीत. भारतीय न्याय संहितेचं 41 वं कलमही सांगा की. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क धरला जातो. कायदा म्हाताऱ्या माणसाला हात बांधून बसायला सांगत नाही. गाडी यायला तास लागतो तिथे काय करायचं, काठी आपटायची?

निवृत्त काठी
त्याच्याच आधी 37 आहे, तेही वाचा. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही. गरज किती होती हे नंतर कोर्ट ठरवतं, तारखा पडत पडत.

सुपारीबाग
मी उलटी बाजू मांडतो, कारण आमच्याकडे बंदूक होती. शिमग्याच्या आदल्या रात्री मागल्या पडवीत खडखडलं. आजोबा उठले, दोन्ही नळ्या भरल्या, घोडा चढवला. लाइट गेलेली. ‘कोण?’ म्हणून दोनदा ओरडले, उत्तर नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा पडवीतून ‘आजोबा, चपला सापडत नाहीत’ असा आवाज आला. माझा चुलतभाऊ. रातराणीने लवकर पोचला होता, कानात गाणी. आजोबांनी काडतुसं काढली, पण ती काढताना त्यांचे हात कसे थरथरत होते ते मी पाहिलंय. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच बंदूक डीलरकडे देऊन आले.

लाल माती
म्हणजे तिसऱ्यांदा विचारलं म्हणून वाचला. विचारायची शिस्त असली की झालं.

सुपारीबाग
आजोबांना शिस्त होती. भावाला नशीब होतं.

गुहागरची मावशी
मी 66, एकटी राहते, म्हणून बोलते. धागा परत वाच बाळा. फोडलेली तिन्ही घरं बंद होती. तुझी आई जिथे झोपते त्या घराला कोणी हात लावला नाही. भुरटे चोर माणूस टाळतात. आता मला सांग, आई दोन महिने तुझ्याकडे ठाण्याला येते तेव्हा काय होईल? तेव्हा तुझं घर बंद, आणि आत बंदूक, आणि गावाला माहीत! समयांऐवजी तीच नेतील की.
आणि हो, कोकणातल्या पावसात ती चार महिने पुसत कोण बसणार? काडतुसांच्या पितळी बुडाला हिरवं चढतं ते निराळंच.

देवगडचो
मावशीचा ह्या मात्र खरा. आमची ठासणी चलता कारण बापूस घरात आसता. रिकाम्या घरात नको.

लाल माती
मग एकट्या बाईने करायचं काय, हे कोणीच सांगितलं नाही. कुत्रा बिबट्या नेतो.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)
बंद घराचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, कबूल. काल आईला फोन केला. ती म्हणाली, ‘बंदूक मला उचलत तरी होती का? तुझे बाबा नसताना मी तिच्या खोलीतसुद्धा झोपत नव्हते. मागल्या दाराची कडी दोन वर्षं सैल आहे, ती बघ आधी.’
पावती जपून ठेवलीय, बंदुकीचं काय ते सावकाश ठरवतो. तोवर राजापूरच्या बाजूला वेळेवर येणारा सुतार कोणाला माहीत असेल तर कळवा.

देवगडचो
सुतार? तेच्यापेक्षा परवानो लवकर गावतलो.