हिमगौरीची दुष्ट राणी मुळात सख्खी आई होती का?

रानजाई:
लेकीची आई ती तान्ही असतानाच गेली, मी नंतर या घरात आले. आता ती सात वर्षांची आहे. परवा हिमगौरी वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "तू पण सावत्रच ना गं?" काळजात चर्र झालं. ग्रिम बंधूंच्या मूळ गोष्टीत ती राणी सख्खी आई होती म्हणतात. खरं का? असेल तर लेकीला तेच सांगून टाकावं म्हणते.

जुनी मास्तरीण:
खरं आहे. मी जर्मन शिकवायचे, 1812ची पहिली आवृत्ती वर्गात घ्यायचे. खिडकीशी शिवताना सुई बोटात जाते, बर्फावर रक्ताचे तीन थेंब पडतात, "अशी गोरी, अशी लाल मुलगी मला हवी" म्हणते ती राणी, आणि पुढे आरशापुढे जळफळणारी राणी, बाई एकच. शिकाऱ्याला ती लेकीचं फुप्फुस आणि यकृत आणायला सांगते. तो रानडुकराच्या पिलाचं आणतो आणि ही ते मीठ घालून शिजवून खाते! 1810च्या हस्तलिखितात तर शिकारीही नाही, आई स्वतःच मुलीला रानात सोडून येते.

1819च्या दुसऱ्या आवृत्तीत विल्हेल्म ग्रिमनं राणीला बाळंतपणातच मारलं आणि राजाचं दुसरं लग्न लावलं. पहिली आवृत्ती टीपांनी भरलेली, अभ्यासकांसाठीची. घरोघरी मुलांपुढे वाचायचं तर सख्खी आई अशी चालेना. ग्रिम बंधूंच्याच दुसऱ्या गोष्टीतली, हान्सेल-ग्रेटेल या भावंडांची आईसुद्धा 1840मध्ये सावत्र झाली. तेव्हा बाळंतपणात बायका जायच्या, घरोघरी सावत्र आया होत्या, पोरं जीव लावून वाढवत होत्या. सगळं खापर त्यांच्या माथी. मला याचा आजही राग येतो.

वाटसरू:
माहिती उत्तम, पण लेकीला हे सांगू नका. तिची आई देवाघरी गेलेली. "सख्खी आईच दुष्ट होती" हे ती कुठे नेऊन जोडेल? मी आईविना वाढलोय, म्हणून सांगतो.

जुनी मास्तरीण:
वाटसरूंचं अगदी पटलं. नुसतं "राणी" म्हणा, गोष्टीचं काही बिघडत नाही. पुस्तकात ती वेष पालटून तीनदा येते: आधी चोळीची नाडी आवळते, मग विषारी कंगवा, मग सफरचंद. डिस्नीनं 1937मध्ये फक्त सफरचंद ठेवलं. तुम्ही तिन्ही फेऱ्या वाचा, दर वेळी तिचा आवाज बदलून.