गव्याला कुंपण हवे की कुरण?

करवीरकर (प्रस्ताव):
गवे उसाच्या शेतात उतरतात म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी आणि भुदरगडच्या जंगलालगत सलग सौर कुंपण (सौर ऊर्जेवर झटका देणारी तार) घालावे, ही मागणी पुन्हा ऐकू येते आहे. तिला माझा विरोध आहे. दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले, १९८५ साली विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले; मात्र क्षेत्र वाढले म्हणून चारा वाढतोच असे नाही. गवा गवत, कोवळा पाला आणि बांबूचे कोंब खाणारा प्राणी आहे. निमसदाहरित रानाच्या दाट सावलीत गवत फारसे वाढत नाही, त्यामुळे त्याची भिस्त सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, आणि जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यांवर असते. अशा पट्ट्यात रानमोडी हे झुडपी तण शिरले की गवत संपते. ते उपटून कुरणे राखण्यावर खर्च करावा, तारांवर नव्हे.

खोडवा:
आपण एकदा पहाटे आमच्या शेतात यावे, अशी विनंती आहे. रात्री कळप येऊन गेला की सरीत वीतभर खोल खूर उमटलेले असतात, त्यांत पाणी साचलेले असते आणि उसाचे वाढे वरच्या वर खुडलेले दिसतात. खाल्लेल्या उसाचे दुःख मी एक वेळ सोसेन, पण सात-आठशे किलोचा नर बुडख्यावर पाय देऊन गेला की त्या बुडख्याला पुढे फुटवा येत नाही, आणि पुढच्या वर्षीचा खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून येणारे पीक, तिथेच बसतो. आमच्याकडे पंचनाम्याला आलेल्यांनी उभा ऊस मोजला. बुडखे मोजण्याचा रकानाच कागदावर नव्हता. रानमोडी उपटून गवत उगवेपर्यंत माझे तीन हंगाम जातील. शेताभोवतीच्या तारेत विजेचा झटका सोडणारे झटका मशीन मात्र आज लावले तर आज रात्री मी घरात झोपू शकतो, नाहीतर माळ्यावर बसून डबे वाजवणे आहेच. शिवाय, उसाची चव लागलेला गवा गवतासाठी परत फिरेल, ही खात्री आपण कशाच्या आधारे देता?

सड्यावरचा:
मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. खोडवा यांच्या तारेला धडकलेला कळप जंगलात परत जाईलच असे नाही. तो शेजाऱ्याच्या, म्हणजे ज्याला मशीन परवडत नाही त्याच्या, शेतात उतरतो. दुसरे असे की, ऊस हा गव्याला चारा आहे तसाच आडोसाही आहे. तोड सुरू झाली की दिवसा दडून बसायची जागा एकाएकी उघडी पडते आणि बिथरलेला प्राणी वस्तीकडे धावतो. मग त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावणारी गर्दी, हा तर स्वतंत्र विषय आहे. सलग कुंपण मला आणखी एका कारणाने घातक वाटते. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून दक्षिणेला तिळारी आणि गोव्याच्या जंगलांकडे जाणारी वन्यप्राण्यांची वाट राधानगरीतूनच जाते.
करवीरकर यांना मात्र विचारायचे आहे की, कुरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे? जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो आणि पावसाळ्यात त्यावर जी बारीक फुलझाडे येतात, ती बाहेरचे गवत पेरल्यास राहणार नाहीत.

करवीरकर:
सड्यावर पेरणी करावी असे मी म्हटलेले नाही, फक्त शिरलेली झुडपे काढावीत एवढेच म्हटले आहे. बुडख्यांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो भरपाईत आलाच पाहिजे. तरीही सरकारी खर्चाने सलग तार ओढण्यास माझा विरोध कायम आहे. शेताभोवतीची, पीक उभे असेपर्यंतची तार हा वेगळा प्रश्न आहे.

खोडवा:
माझी मागणी शेताभोवतीच्या तारेचीच आहे. अनुदान देताना एकेकट्याला न देता संपूर्ण शिवाराला द्यावे, आणि गव्याची जुनी वाट मोकळी ठेवावी, म्हणजे शेजाऱ्याचा आक्षेपही राहणार नाही. मात्र ती वाट कोणाच्या बांधावरून सोडायची, हे गावसभेत ठरवायला बसलो तर काय होईल, ते मी आताच सांगू शकतो.