मंडळाने वर्गणीतून गटारं काढणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे

पाटचारी (धागा सुरू करणारा):

खान्देशातल्या एका शहरात, महापालिकेच्या हद्दीत, प्लॉट पाडून झालेल्या साध्या कॉलनीत राहतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथले निम्मे लोक लगेच ओळखतील. अखाजीनंतरच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या) रविवारी आमच्या रहिवासी मंडळाची सालाबादची सभा असते. शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचं साल अखाजीला बदलतं, तसं आमचं कार्यकारी मंडळही तेव्हाच बदलतं, म्हणजे तीच माणसं खुर्च्या बदलून बसतात. यंदा मी ठराव मांडणार आहे की गटारं, पथदिवे, धूर फवारणी आणि कचरा ही कामं मंडळाने यापुढे वर्गणीतून करायची नाहीत.

आमचं वर्ष कसं जातं ते आधी सांगतो. उन्हाळ्यात पाणपोई आणि झाडांना टँकर. जूनच्या आधी गटारं. मग १५ ऑगस्टचं झेंडावंदन, श्रावणात कानबाई, गणपती, नवरात्र, कोजागिरी. थंडीत ओपन स्पेसवर भरीत. मार्चअखेर हिशेब. भरीताच्या दिवशी बामणोदची वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायला माणसं ढकलाढकली करतात. गटारीच्या दिवशी येतात ते ठरलेलेच: दोन-तीन निवृत्त मास्तर, गुडघा धरून चालणारे आप्पा आणि आईने दटावून पाठवलेली पोरं.

मागच्या मेमध्ये कोपऱ्यावरची गटार काढली. फावड्याला आधी लग्नातले थर्माकोलचे द्रोण लागले, त्याखाली काळा गाळ, आणि गाळाखाली कुणाच्या तरी बांधकामातलं सिमेंट, दगडासारखं घट्ट झालेलं. टिकावाने फोडावं लागलं. गाळाचा ढीग कडेला लावला. मुकादम म्हणाला, उद्या ट्रॅक्टर पाठवतो. उद्याचा परवा झाला, मग वळवाचा पाऊस आला आणि ढीग होता तसा परत गटारीत. आम्ही ग्रुपवर टाकलेला फोटो मात्र पुढे ‘प्रभागातील नालेसफाई पूर्ण’ म्हणून फिरला.

खरं दुखणं हेच आहे. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात, कलम ६३ मध्ये, रस्ते झाडणं, गटारं आणि सार्वजनिक दिवे ही बंधनकारक कामं म्हणून लिहिली आहेत. मर्जी असेल तर करायची कामं कलम ६६ मध्ये वेगळी आहेत. घरपट्टी आपण भरतो. तरी फावडं आपणच उचललं की वरच्या टेबलावर ‘या भागात तक्रार नाही’ असा अर्थ निघतो. मंडळाने लेखी अर्ज करावेत, आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्यावी, खांबाचा नंबर लिहावा, तारखेसह फोटो जोडावेत आणि वर्षभर त्यांचा जीव खावा.

करंजाची सावली:

पाटचारी भाऊ, तुमचा कायदा बरोबर, पण डास पोच बघून चावत नाही हो. अर्ज जूनमध्ये केला आणि उत्तर दिवाळीत आलं, तर मधले चार महिने त्या गटारीशेजारी कोण राहणार? तुमचं घर कोपऱ्यावर नसणार, पैज लावतो. आमच्या दाराशी पाणी तुंबतं तेव्हा मला कलम आठवत नाही, फावडं आठवतं. अर्ज करायला कोण नाही म्हणतंय? दोन्ही करा. एक बंद करायची घाई कशाला?

पाटचारी:

दोन्ही होत नाही, हाच अनुभव आहे. माणसं तीच. सकाळी गाळ काढून आलेला माणूस दुपारी महापालिकेत जाऊन भांडत नाही. आणि गटार स्वच्छ दिसली की भांडायला कारणच राहत नाही.

पांझरेकाठचा:

मला हा ठराव खान्देशी माणसाला न शोभणारा वाटतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पांझरा-मोसमच्या खोऱ्यात काही शे वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड, एका फडात एकच पीक. पाटाची साफसफाई आणि डागडुजी लाभधारक शेतकरी मिळून करायचे. कुणी सरकारची वाट बघत बसलं नाही. तीच जमात आता प्लॉटवर राहायला आली आणि दारापुढची हातभर गटार काढायला तिला पोच पाहिजे?

जागल्या:

पांझरेकाठचे बापू, फडाचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलं. माझं टोपणनावच तिथलं आहे म्हणून बोलतो. फडात पाणी वाटायला पाटकरी होता, पीक राखायला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. ही सगळी नेमलेली माणसं, त्यांना शेतकरी धान्याच्या रूपात मेहनताना द्यायचे. याला फुकटची समाजसेवा कसं म्हणायचं? शिवाय पाणी शेतकऱ्यांचं, पाट त्यांचा, निर्णयही त्यांचाच. आपल्या गटारीचा उतार कुठे जातो हेसुद्धा आपल्याला कुणी विचारत नाही. अधिकार महापालिकेकडे, कर महापालिकेकडे, गाळ तेवढा आपल्याकडे.

माझं मत पाटचारींच्या बाजूचं आहे, पण एक पाऊल पुढे. २००९ मध्ये आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. म्हणजे भागातल्या मतदारांनी बसून कामं सुचवायची. तुमच्या भागात अशी सभा झालेली कुणी पाहिली आहे का? जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायचीही सोय नव्हती. अशा वेळी मंडळ झाडू घेऊन उभं राहिलं, तर विचारणारं कोण उरणार होतं?

पांझरेकाठचा:

मेहनताना होता, मान्य. मग द्या मेहनताना! वर्गणीतून दोन मजूर लावा आणि मास्तरांच्या कमरेची सुटका करा. पण काम मंडळाने सोडायचं, हे तरीही पटत नाही.

सिस्टर रजेवर:

तुम्ही सगळे गटारीत अडकलात म्हणून लिहिते. डेंग्यूचा डास, एडिस, गटारीत वाढत नाही. त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. गटारीतला तो क्युलेक्स, तो त्रास देतो, पण डेंग्यू त्याच्याकडून होत नाही. म्हणजे गटार काढून ‘डेंग्यू मोहीम’ असा फलक लावणं निव्वळ हौस आहे.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम, हौद, टाक्या. त्यात आपला उन्हाळा म्हणजे कूलरशिवाय जगणं नाही. पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण खालचं पाणी तसंच राहतं. गच्चीवर नाहीतर जिन्याखाली कूलर, त्यात वीतभर पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी घरात गेले तर मालकीणबाई म्हणतात, ‘आमच्याकडे नाही हो ताई, ते बाहेरच्या गटारीमुळे.’ झाकण उचलून टॉर्च मारला की मग गप्प. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून भांडी घासून कोरडी करायची असते. हे काम कुठल्याही महापालिकेला तुमच्या घरात शिरून दर आठवड्याला करता येणार नाही. शेजारणीलाच करता येतं.

तेव्हा ठराव जरूर करा, पण धूर फवारणी आणि कूलरची पाहणी एका ओळीत टाकू नका. धुराने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

करंजाची सावली:

सिस्टर, हे खरं कामाचं बोललात. आमच्या मंडळाच्या कामांच्या यादीत कूलर नाहीच.

भो काय चाललंय:

भाऊ, गटार राहू द्या, आधी गणपतीना हिसोब दखाडा. डीजेवर कितला गया अन् झाडेसले पानी कितलं दिधं, येवढंच सांगा. मंग ठराव.

पाटचारी:

हिशेब मार्चअखेर फलकावर लागतो भो. आमचं मंडळ नोंदणीकृत आहे, तपासणी दरवर्षी होते. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी उत्सवाची वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढायची असते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क. किती मंडळं काढतात, हा वेगळा धागा होईल.

भाड्याने राहणारी:

वर्गणी आमच्याकडून पूर्ण घेतात, सभेत मत मात्र प्लॉटधारकांनाच. दुसरं, पाटचारी काका, तुमच्या वर्षाच्या वेळापत्रकात कानबाई देवीचा सण एका शब्दात उरकला. त्या दिवशी नैवेद्याच्या रोटासाठी दळण, पुरणाची पोळी, खीर, रात्रीचं जागरण आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन झाल्यावर ओपन स्पेस झाडणं, हे सगळं कोण करतं? इतिवृत्तात लिहितात, ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ गटारीचं काम बंद करा किंवा ठेवा, पण श्रमदान मोजायचं तर सगळं मोजा. आणि मास्तरांच्या कमरेबद्दल एवढी हळहळ, तर कढईसमोर उभ्या राहणाऱ्या बाईचीही असू द्या.

जागल्या:

ताई, मताचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. घरमालक पुण्यात आणि मत देतो कॉलनीच्या झाडांवर, असा प्रकार आमच्याकडेही आहे.

पाटचारी:

मताधिकाराचा वेगळा ठराव आणा, मी अनुमोदन देतो. कानबाईच्या कामाची नोंद इतिवृत्तात झाली पाहिजे, हेही मान्य.

सिस्टरांमुळे माझा ठराव जास्त टोकदार होतो आहे. कुंपणाच्या आतलं काम शेजाऱ्यांचं: कूलर, ड्रम, ओला-सुका कचरा वेगळा करणं, झाडं जगवणं. झाडं मी ठेवतोच, कारण लावलेल्या कडुनिंबाला पहिली दोन-तीन वर्षं आपल्या मेमध्ये पाणी दिलं नाही तर काठीच उरते. कुंपणाबाहेरचं, म्हणजे गटार, खांब, रस्ता, त्यासाठी फक्त अर्ज आणि पाठपुरावा. बाहेरच्या कामावर मंडळाचा एक रुपया नाही. मजूर लावूनही नाही, पांझरेकाठचे बापू. एकदा मजूर लावला की दरवर्षी लावायचा आणि घरपट्टीही भरायची, म्हणजे एकाच गटारीचे दोनदा पैसे.

करंजाची सावली:

कुंपणाची रेघ कागदावर छान दिसते. आमच्या गल्लीत गटार कुंपणाला चिकटूनच आहे. तुंबली की पाणी रेघ ओळखत नाही, सरळ पोर्चमध्ये येतं. मी इथूनच सांगून ठेवतो, आमच्या मंडळात असा ठराव आला तर विरोधात हात वर करेन. आणि जो बाजूने हात वर करेल त्याचं घर कितव्या प्लॉटवर आहे, तेही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावेन.

पांझरेकाठचा:

त्या लिहिण्याला माझं अनुमोदन. पाटचारी, सभा झाली की मतं किती पडली ते इथे टाका. आणि मुकादमाला आत्तापासूनच फोन लावा, ट्रॅक्टरसाठी.