शब्दचर्चा : व्हेनिसचे 'उमराव' की 'महाजन'? आणि कोलेगांत्सा म्हणजे कर्ज का?

प्रश्न : तेराव्या-चौदाव्या शतकातल्या व्हेनिसवरच्या मराठी मजकुरात 'कोलेगांत्सा'ला कर्ज आणि सत्ताधारी घराण्यांना उमराव म्हटलेलं चालेल का?

उत्तर : 'कर्ज' नकोच. कोलेगांत्सा म्हणजे घरी बसून पैसा लावणारा आणि तो घेऊन समुद्रावर व्यापाराला जाणारा फिरता व्यापारी यांच्यातला करार. जहाज बुडालं तर लावलेला पैसाही बुडाला, फिरतीवरच्या व्यापाऱ्यामागे तगादा नाही. घरी बसलेल्याने सगळे 300 दुकात (व्हेनिसची सोन्याची नाणी) घातले आणि नफा 80 झाला, तर 60 त्याचे, 20 फिरत्याचे. फिरत्याने पदरचे 100 घालून घरी बसलेल्याकडून 200 घेतले, तर नफा निम्मा-निम्मा. करार बहुधा एकाच सफरीचा. नुसतं 'भागीदारी' म्हटलं की कायमची पेढी वाटते, म्हणून 'सफरभागी' सुचवतो. शब्द घडवलेला आहे, पण अर्थ चुकत नाही. आणि अर्थ चुकला तर पुढचं सगळंच चुकतं, कारण बिनभांडवली माणूस याच वाटेने श्रीमंत होऊन महासभेत, म्हणजे व्हेनिसचा कारभार हाती असलेल्या सभेत, पोचत होता.

दुसरं उत्तर : ती वाट बंद झाली ती 1297च्या 'सेर्राता'ने, म्हणजे महासभेचं दार नव्या घराण्यांना हळूहळू बंद करणाऱ्या कायद्याने. याला 'टाळेबंदी' लिहू नका, गिरणी आठवते. 'प्रवेशबंदी'ही अर्धवटच, कारण त्यानंतर सभासद उलट वाढले, हजारावर गेले. आधीच्या चार वर्षांत जो सभेत बसला होता त्याला चाळिसांच्या मंडळात 12 मतं पुरत. नव्या माणसाचं नाव मात्र आधी कुणीतरी सुचवावं लागे. 1323पर्यंत बाप किंवा आजा सभेत होता हे दाखवणं भाग झालं. 'वारसाबंदी' म्हणावं तर वारस बाहेर ठेवले असं वाटतं, नेमकं उलट. मी 'सभाबंदिस्ती' लिहीन.

पहिल्या उत्तराला पुरवणी : 'उमराव' म्हटलं की घोडदळ आणि जहागीर आली. व्हेनिसच्या या मंडळींचा जीव मिरी-मसाल्यात. सरकारी गॅलींच्या (वल्ह्यांच्या मोठ्या जहाजांच्या) लिलावात बोली लावायचा हक्कही त्यांनाच. (गॅलीला 'गलबत' नको, आंग्र्यांचं गलबत लहान, व्हेनिसच्या व्यापारी गॅलीवर दोनशेच्या आसपास माणसं.) 'वतनदार' जवळ येतो, पण वतनाला गाव लागतं. 'महाजन' बरा, विशेषतः गोव्याच्या वाचकाला : देवस्थानाचं महाजनपण तिथे घराण्याने चालतं, नावाची नोंद लागते. व्हेनिसमध्येही 1506पासून महाजनांच्या मुलांचे जन्म सरकारी वहीत चढू लागले. फक्त 1297 आधीच्या मजकुरात 'महाजन' वापरू नका, तिथे 'बडे व्यापारी' पुरे.