‘सेत्ते’ म्हणजे सात

दादा, ‘सेत्ते’ या वाईनचं नाव फ्रान्समधल्या गावाचं असावं, असं तुम्ही म्हटलंय. तसं नाही. हा इटालियन शब्द आहे, अर्थ ‘सात’. ही वाईन बनवणाऱ्या कंपनीचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या. हे झाले सहा. सातवे वाईन बनवणारे पिएरो मासी. मालकांच्या मोजणीत वाईन करणाऱ्याला धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आम्ही औशाकडचे. घरची दोन एकर द्राक्षं, सगळी बेदाण्याला जातात. आमच्याकडं ‘भावकी’ म्हटलं की आधी बांधाचं भांडण आठवतं. एक हात बांध कोरला म्हणून तालुक्याच्या कोर्टात पंधरा-पंधरा वर्षं तारखा चालतात. त्याच मातीत कुणी ‘भाऊ’ हेच नाव बाटलीवर छापतं, तेही अभिमानानं!

नाशिकच्या ‘सुला’ या वाईन कंपनीचंही असंच. राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून ते ठेवलं. घरातलंच नाव, म्हणून तोंडात बसतं.

गेल्या हंगामात आमच्या बेदाण्याच्या खोक्यावर काय छापायचं, यावर घरात दोन दिवस खल चालला. धाकटा ‘गोल्डन’वर अडून होता. शेवटी आजीचं ‘गोदावरी’ छापलं, हिरव्या अक्षरात. पहिलं खोकं तिच्या हातात दिलं, तर अक्षरओळख नसलेली म्हातारी नावावरून बोट फिरवत बसली.