पियानोची पेटी पुन्हापुन्हा घसरते, तरी हसू का येतं?

पायरी_पायरी: लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीचा लघुपट 'द म्युझिक बॉक्स' (१९३२). त्यात हे दोघे पियानोची पेटी लांबलचक जिन्यावरून वरच्या घरापर्यंत चढवतात. पेटी घसरणार हे आधीच माहीत असतं, तरी दर वेळी हसू फुटतं. हे कसं साधलंय? रंगमंचावर सात पायऱ्यांच्या जिन्यावर असाच प्रसंग, पण मूक, बसवायचा आहे. पेटी कशी करावी, किती वेळा घसरवावी?

रीळ_तीन: घसरण तीच, निमित्त वेगळं. बाबागाडी घेऊन आलेली दाई वाट मागते, मग पोलीस खाली बोलावतो. पेटीवरचा हात सुटायला दर वेळी पटेलसं कारण असतं. निव्वळ धांदरटपणाने पेटी सुटत राहिली असती, तर दुसऱ्या वेळीच कंटाळा आला असता. माझ्या मते सर्वांत मोठा हशा पोस्टमनचा. वर यायला गाडीरस्ता आहे असं तो सांगतो आणि हे दोघे चढवलेली पेटी परत खाली नेऊन घोडागाडीत घालतात! इथे काहीच पडत नाही, फक्त केलेलं काम वाया जातं.

जुना_पडदा: जागेची निवडही पाहा. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला तो जिना खरा आहे, १३३ पायऱ्यांचा. खालून घेतलेल्या चित्रचौकटीत जवळजवळ सगळा जिना मावतो, त्यामुळे किती चढण वाया गेली ते न सांगता कळतं. त्याच जिन्यावर १९२७च्या 'हॅट्स ऑफ'मध्ये या जोडीने कपडे धुण्याचं यंत्र चढवलं होतं. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. 'म्युझिक बॉक्स'ला मात्र विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालं.

नेपथ्य_विंग: पेटीसाठी लाकडी चौकट आणि ६ मिमी प्लाय. वजन २०-२५ किलोच्या आत ठेवा. तळाला लांबीच्या दिशेने दोन गुळगुळीत लाकडी पट्ट्या ठोका, किमान १ मीटर लांब. पट्टी एका वेळी तीन पायऱ्यांच्या कडांवर टेकली पाहिजे. आखूड पडली तर पुढचं टोक पायरीत रुततं आणि पेटी कोलांटी खाते. आत घुंगरू आणि सैल तारा टांगा. पेटी थांबल्यावरही क्षणभर झंकार राहिला पाहिजे, हशा तिथेच येतो.

मागून १२ मिमीचा दोर बांधून वर विंगेतल्या पक्क्या खांबाला दोन वेढे द्या. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकच माणूस पेटी हळूहळू सोडू शकतो. खालच्या नटाने पेटीच्या वाटेत कधीही उभं राहू नये, बाजूलाच राहावं. शेवटी जाड फोमची गादी हवीच. घसरणी तीन पुरेत. तिसरी अर्ध्यावर अडवा.

वजनाचा अभिनय गुडघ्यात असतो: आधी श्वास, मग गुडघे वाकवणं, मग उचल. पेटी हलू लागलेली प्रेक्षकांना आधी दिसावी, नटांना नंतर.

पायरी_पायरी: दोर दिसला तर?

नेपथ्य_विंग: दिसू द्या. हमाली सामानाला दोर आवळलेलाच असतो. पेटीलाही दोन आडवे वेढे द्या, म्हणजे मागचा दोर वेगळा वाटणार नाही.