वॉलपेपर काढून रंग: रंगारी की स्वतः? मदत हवी आहे

दोन खोल्या, प्रत्येकी 10×12, उंची 10 फूट. दारं-खिडक्या वजा जाता रंगवायचं भिंतींचं क्षेत्र साधारण 760 चौ. फूट, त्यापैकी 240 चौ. फुटांवर व्हिनाईल वॉलपेपर.

वरचा व्हिनाईलचा थर कोपऱ्यातून उचकटला की सोलून येतो. खरी कटकट खालच्या कागदाची आणि खळीची. कोमट पाणी मारून 15 मिनिटं मुरू द्यायचं, मग पत्री (खरवडायचं पातं) अगदी आडवी धरून खरवडायचं. (स्विचबोर्डाजवळ पाणी मारण्याआधी मेन बंद!) खळ राहिलीच तर ओला हात फिरवल्यावर भिंत बुळबुळीत लागते. तिच्यावर थेट प्रायमर मारला तर पुढे रंगाला भेगा पडतात, पोपडे निघतात. म्हणून स्पंजने दोनदा धुणं टाळता येत नाही.

अडचण अशी: एका भिंतीवर कागदाबरोबर जुनी पुट्टीही मऊ होऊन सुटते आहे, आतला प्लास्टर दिसतो. बहुधा अ‍ॅक्रिलिक पुट्टी असावी. पांढऱ्या सिमेंटची पाण्याने अशी विरघळत नाही.

जाणकारांना विचारायचंय:

तेवढाच भाग भरून घ्यावा की पूर्ण भिंत खरवडून दोन हात पुट्टी?

रंगारी वॉलपेपर काढण्याची मजुरी चौरस फुटावर वेगळी लावतात का? ठाणे-डोंबिवलीकडे सध्या काय दर आहे?

खरवडणं, धुणं आपण करून फक्त पुट्टी, घासणं आणि रंग त्यांच्याकडे दिला, तर ते फिनिशिंगची जबाबदारी घेतात का?